दिवेलागणीचं दूध

आमच्या गावात बायकांची दूध संस्था निघाली तेव्हा सचिव कोणाला करायचं यावर फार खल झाला नाही. दहावी झालेली सून मी एकटी, आणि हात दाखवूनही न थांबणाऱ्या एस.टी.च्या ड्रायव्हरला पुढच्या फेरीत गाठून झापणारीही मीच. "हिलाच करा, हिचं तोंड कामाला यील," असं माझी चुलत जाऊ म्हणाली आणि सगळ्या फिदीफिदी हसल्या. मीही हसले. तोंड तिखट आहेच माझं, कशाला खोटं सांगू? पण तिखट तोंडाची बाई भित्री नसते असं ज्यांना वाटतं त्यांनी मला त्या दुष्काळात बघायला हवं होतं. जेवायला बसले की घास तोंडात तसाच राहायचा आणि मी दाराकडं बघत बसायचे.

भीती कोयत्याची होती, म्हणजे ऊसतोडीची. केजच्या आसपासची आमच्यासारखी गावं दसरा-दिवाळी झाली की रिकामी होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम आधी उचल देतो, मग ट्रॅक्टरात बिऱ्हाड भरून लांबच्या कारखान्याला नेऊन सोडतो, आणि उन्हाळा लागेपर्यंत उसाच्या पाचटाच्या कोपीत राहायचं. माझं निम्मं बालपण त्या कोपीत गेलं. एका मावशीनं तिच्याकडं ठेवून घेतलं म्हणून दहावी तरी झाले. माझी आई ऐन तरण्या वयात गर्भपिशवी काढून बसली, कारण फडात दर महिन्याला खाडा परवडत नाही. लग्न झाल्यावर कोयता माझ्या हातात आला आणि माझी पोरगी रांगायला लागली तीही पाचटावरच.

मग बायकांची संस्था निघाली, आमच्या दारात म्हैस आली, नवऱ्यानं कोयता सोडून गावातच भाड्यानं औत हाणायला सुरुवात केली. दोन हंगाम आम्ही कुठं गेलो नाही. पोरगी सलग शाळेत बसायला लागली, पाढे म्हणायला लागली. संस्था चालली तर पोरगी शाळेत, संस्था बंद पडली तर पोरगी फडात वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, गोळा करायला. माझ्या सचिवपणात याच्यापेक्षा जास्त काही नव्हतं, आणि हे मी कोणाला बोलूनही दाखवत नव्हते.

संस्था काढताना आम्हाला बीडला प्रशिक्षणाला नेलं होतं. पंख्याखाली बसवलं, चहा-बिस्किट दिलं. शिकवणारे सर चांगले होते, मनापासून सांगायचे. लहान धंदा मोठा करायचा असेल तर त्याला धोका कुठून आहे ते आधी ओळखा म्हणायचे. मग फळ्यावर लिहायचे: जनावरांचा आजार, चाऱ्याची टंचाई, भाव पडणं, लाइट जाणं. आम्हीही बोट वर करून एकेक सांगायचो. कोणी म्हणालं, नवरा दारू पितो हा पण धोका लिहा, आणि सरांनी तोसुद्धा लिहिला. येताना गाडीत आम्ही अशा ऐटीत बसलो होतो की बस्स! आता आपल्याला सगळं कळलं असं वाटत होतं.

आणि दोनच वर्षांनी पावसानं दगा दिला. विहिरीत पोहरा सोडला की खाली खडकावर वाजायचा. टँकर आला की घागरींची रांग आणि रांगेत भांडणं. बैल आणि भाकड जनावरं घेऊन गावातले पुरुष चारा छावणीला गेले, माझा नवराही गेला. दुभत्या म्हशी तेवढ्या बायकांनी घरी ठेवल्या, कारण त्यांच्यावरच चूल चालत होती. घरी मी, पोरगी आणि माझी सासू. सासूला आमच्याकडं आत्याबाई म्हणतात. माझ्या माहेरी कधी दुभतं जनावरच नव्हतं, त्यामुळं म्हशीचं सगळं आत्याबाईंकडं. धार त्या काढायच्या, वैरण त्या टाकायच्या, म्हशीशी गप्पाही त्याच मारायच्या. मी आपली शाळेच्या जुन्या खोलीत, संस्थेच्या केंद्रावर माप घेऊन बसायची.

वैरण नाही, पेंड महाग, म्हशींनी दूध चोरलं. भरली किटली आणणाऱ्या बायका तांब्या आणायला लागल्या. तोवर आम्ही फक्त सकाळचं दूध घालत होतो. केजच्या शीतकरण केंद्रावरून निरोप आला की एवढ्याशा दुधासाठी गाडी पाठवणं जमणार नाही, संध्याकाळचंही द्या तर गाडी येईल. आम्ही लगेच हो म्हटलं. नाही म्हणून करतो काय? गाडी पाच-सहा गावं फिरून आमच्याकडं यायची, त्यामुळं ती यायला दिवस मावळून जायचा. घरोघरी देवापुढं दिवा लागला की बायका पदराखाली भांडं घेऊन केंद्रावर यायच्या.

संध्याकाळचं दूध सुरू होऊन आठवडाही झाला नसेल. ड्रायव्हरनं सकाळी येताना आमचा आदल्या संध्याकाळचा कॅन भरलेला तसाच परत आणला आणि ओट्यावर आदळला. झाकण उघडलं तर आंबट वास.

"हे काय?" मी म्हटलं.

"भेसळ निघाली म्हनले साहेब. घेतलं न्हाई."

"कसली भेसळ?"

"मला काय ठावं, बाई? मी गाडी चालवतो. अन् साहेबांनी सांगितलंय, तिसऱ्यांदा निघाली तर तुमचं दूध कायमचं बंद. पुना गाडी यायची न्हाई."

भेसळ म्हटलं की मला पाणीच दिसलं. दुसरं काय असणार? त्या संध्याकाळी मी केंद्रावर असा तोंडाचा पट्टा सोडला की बाहेर पारावर बसलेली म्हातारी माणसं उठून निघून गेली. कोण पाणी घालतंय, लाज वाटत नाही का, स्वतःच्या लेकरांच्या ताटात माती कालवताय का, असं जे तोंडाला येईल ते बोलले. शेवटी चुलत जाऊ म्हणाली, "पानी? अगं, पानी हाय कुटं घालायला? टँकरचं पानी म्हशीला पाजावं का दुदात वतावं?"

तिचं खरंच होतं. तांब्याभर पाण्यासाठी भांडणाऱ्या बाया दुधात पाणी कशाला घालतील? आणि मापाच्या वेळी मी काचेची डिग्री, म्हणजे दूध किती दाट ते सांगणारी नळी, टाकून बघत होते तर डिग्री चांगली लागत होती, उलट जरा वरच. पाणी असतं तर खाली लागली असती. मग भेसळ कशाची? चोर दिसला तर माणूस त्याला धरतो तरी. इथं चोरीही दिसेना आणि चोरही. मी एकेकीच्या तोंडाकडं बघत बसायचे. ही असेल का? का ही? जिच्याबरोबर फडात एका कोपीत राहिले, जिनं माझ्या बाळंतपणात माझी मोळी उचलली, तिच्यावरसुद्धा संशय. माणूस भ्यायला की किती हलकं होतं ते मी तेव्हा माझ्यातच बघितलं.

दुसरा कॅन परत आला तेव्हा मी ओट्यावर बसले ती बसलेच.

अशा बातम्यांना पाय असतात की काय कोण जाणे, त्याच दुपारी दारात मुकादमाची मोटरसायकल. माणूस वाईट नव्हता हो, हेच अवघड होतं. आमच्याच भावकीतला, गोड बोलणारा. गाडीवरून न उतरताच म्हणाला, "वहिनी, संस्थेचं ऐकलं. लई वाईट वाटलं. बघा, औंदा टोळी लवकर भरतीय. दुष्काळ हाय, समदे येतो म्हनत्यात. तुमचं नाव मी धरून ठिवलंय. पोरगीबी आता हाताखाली आली की."

पोरगी दाराआडून ऐकत होती. मला वाटलं आत जाईल, पण ती तिथंच उभी राहिली, चौकटीला नख लावून. मी मुकादमाला म्हटलं, "आमी न्हाई येत औंदा." एरवी मी त्याला चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी एवढंच निघालं, आणि तेही असं की मलाच ते खरं वाटलं नाही. तो म्हणाला, "बरं, बघा. घाई न्हाई." घाई नाही म्हणून गेला खरा, पण त्याची मोटरसायकल माळावर चढेपर्यंत तिचा आवाज ऐकू येत होता.

मग मी ठरवलं की काय ते शोधायचंच. दवाखान्यातून औषधाच्या रिकाम्या बाटल्या मागून आणल्या, उकळून घेतल्या. संध्याकाळी माप घेताना प्रत्येकीच्या भांड्यातलं थोडं दूध एकेका बाटलीत काढलं आणि बाटलीच्या गळ्याला वेगवेगळ्या रंगाच्या चिंध्या बांधल्या. बायका विचारत होत्या हे काय गं नवीन. मी म्हटलं तपासायला. कोणी ब्र काढला नाही, कोणी दचकलंही नाही. उलट एकीनं आपल्या बाटलीत आणखी दूध ओतलं, कमी पडायला नको म्हणून! चोर असं करेल का? मला काही समजेना. माझ्या घरची बाटलीही घेतली, नाहीतर उद्या म्हणतील सचिवबाई स्वतःचं सोडून दुसऱ्यांचं बघते. त्या संध्याकाळचं दूध गाडीत दिलंच नाही. लोणी काढू, खवा आटवू, काहीही करू, पण तिसरा कॅन तसाच जाऊ द्यायचा नाही, असं सगळ्यांना सांगितलं.

त्या बाटल्या मांडीवर पिशवीत धरून जीपमध्ये कोंबून केजला गेले. शीतकरण केंद्रातले तपासणारे साहेब पोरगेलेसे होते, पण कामात कडक. त्यांनी एका काचनळीत पहिल्या बाटलीतलं दूध घेतलं, त्यात तेजाबासारखं काहीतरी घातलं, पांढरी पूड टाकली आणि नळी उकळत्या पाण्यात उभी केली. दूध हळूहळू लाल झालं. चांगलं कुंकवासारखं लाल.

"साखर," साहेब म्हणाले.

"साखर? दुदात साखर कावून घालील कोणी?"

"पाणी घातलं की डिग्री उतरते बाई. साखर घातली की परत चढते. जुनी युक्ती आहे."

दुसरी नळी लाल. तिसरी लाल. हिरव्या चिंधीची लाल, पिवळ्या चिंधीची लाल. मी मनातल्या मनात देवाला हात जोडत होते की एखादी तरी पांढरी राहू दे. शेवटची माझ्या घरची होती, जांभळ्या चिंधीची. ती सगळ्यात गडद लाल झाली.

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "बाई," ते म्हणाले, "तुमचं सगळं गावच यात आहे का?"

काय सांगणार होते मी? माझ्या घरात दुधातलं पाणी लपवायची युक्ती चालते आणि मला पत्ता नाही? साऱ्या गावानं मिळून काहीतरी ठरवलं, आणि मला एकटीलाच वगळलं? तिथल्या तिथं मला रडू फुटलं. साहेब गोंधळले, पाणी पुढं केलं. मी म्हटलं, "साहेब, गाडी उन्हं असताना पाठवाल का? दूध लवकर..." बिघडत होतं ते फक्त संध्याकाळचंच दूध, एवढंच मला सुचलं. ते म्हणाले, गाडी एकच आहे, रस्ता तोच आहे, वेळ बदलणार नाही, आणि पुढचा कॅन नीट नसला तर मी काही करू शकणार नाही. ते खोटं बोलत नव्हते.

येताना जीपमध्ये शेजारची बाई बोलत होती, मी नुसती हूं हूं करत होते. डोक्यात एकच: जांभळी चिंधी. घरी पोचले तर आत्याबाई म्हशीपुढं बसून तिच्या अंगावरचे गोचीड काढत होत्या. मी पिशवी खाली टाकली आणि कंबरेवर हात ठेवून विचारलं, "आत्याबाई, दुदात साखर तुमी घालता का?"

"घालते की," त्या मान वर न करता म्हणाल्या.

"कावून?"

आता त्यांनी माझ्याकडं बघितलं, म्हणजे वेड्या माणसाकडं बघतात तसं. "कावून म्हंजी? दिवा लागल्यावर दूध घराभाईर मोकळं देत्यात व्हय? लक्ष्मी जाती दारातून. दृष्ट लागती जनावराला. चिमूटभर साखर टाकून द्यावं. तुझ्या आईनं न्हाई शिकिवलं?"

"माझ्या आईकडं म्हस कधी होती?" मी ओरडले.

"व्हय की," त्या म्हणाल्या, आणि परत गोचीड काढायला लागल्या.

मी मटकन खाली बसले. हसावं का रडावं! साऱ्या गावच्या बायका दिवेलागणीला देवापुढं दिवा लावून, त्याच हातानं दुधात साखर घालून, हात जोडून माझ्याकडं येत होत्या. सकाळच्या दुधाला हे नाहीच, म्हणून आजवर कधी काही निघालं नाही. आणि आधीसारख्या भरल्या किटल्या असत्या तर ती चिमूट कुठल्या कुठं विरून गेली असती. दुष्काळानं दूध तांब्यावर आणलं, पण चिमूट तेवढीच राहिली. त्यात आमच्या आत्याबाईंची चिमूट म्हणजे तीन बोटांची, सढळ. देवाला द्यायचं तर हात आखडू नये, असं त्यांचं.

आत्याबाईंना मी सगळं सांगितलं. साहेब, लाल नळ्या, शेवटचा कॅन. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "साखर म्हंजी काय इख हाय का? तुझ्या सायबाला सांग की, शकुन हाय म्हनावं."

"साहेबाच्या नळीला शकुन कळत न्हाई, आत्याबाई."

त्यांनी गोचीड काढायचं थांबवलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, त्या नव्या नवरी असताना एकदा सोयऱ्याच्या घरी लग्नघाई होती, तिन्हीसांजेला दूध मागायला माणूस आला, त्यांनी गडबडीत तसंच मोकळं दिलं. त्या महिन्यात म्हस गेली, मागून पारडू गेलं. सासूनं वर्षभर तोंड बघितलं नाही. "म्या माझ्या डोळ्यानं बगितलंय," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, भीती होती. मी कोयत्याला भीत होते तशीच, तेवढीच.

संध्याकाळी केंद्रावर सगळ्यांना गोळा केलं. आत्याबाई आल्या नाहीत. मी या वेळी ओरडले नाही, नीट सांगितलं. आधी बायका हसल्या, मोकळ्या झाल्या. म्हणजे आपल्यात कोणी चोर नाही! चुलत जाऊनं तर टाळी दिली. पण उद्यापासून साखर घालायची नाही म्हटल्यावर एकमेकींकडं बघायला लागल्या. एक म्हणाली गाडी लवकर आण. म्हटलं, ते जमणार नाही, विचारून आले. एक म्हणाली कोळसा टाकू, तुळशीचं पान टाकू. म्हटलं, गाळणीत कोळसा निघाला तर साहेब काय म्हणेल? साखर म्हशीला चारा, देवापुढं ठेवा, दारात उधळा, पण दुधात नको.

"देवाला टोपी घालतीस व्हय?" एक म्हातारी म्हणाली. "आन म्हस आटली म्हंजी? तू देनार का मला दुसरी?"

आणि माझ्या तोंडानं घात केला. मी म्हटलं, "असल्या दुष्काळात म्हशी तशाबी आटनारच हायेत की."

एकीनं थूथू करून बाजूला थुंकलं. एकीनं उठून भांडं काखेत मारलं. दिवेलागणीला, दुधाच्या खोलीत बसून म्हशी आटणार म्हणणारी मी अवदसाच दिसले असणार त्यांना. एकेक करून सगळ्या गेल्या. कोणी हो म्हणालं नाही, कोणी नाही म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी केंद्र उघडलं, कॅन धुतला, गाळणीवर फडकं बांधलं आणि बसले. दिवस मावळला. समोरच्या घरांतून एकेक दिवा दिसायला लागला. कोणी आलं नाही. मी उभी राहिले, परत बसले. बाहेर गल्लीत बायका आपापल्या दारात भांडी घेऊन उभ्या होत्या, मला दिसत होत्या. कोणी पहिलं पाऊल टाकेना. जी पहिली मोकळं दूध घालेल तिच्या दारातून लक्ष्मी पहिली जाणार, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं, आणि मला त्यांचा राग येत नव्हता. लांब वळणावर गाडीचा हॉर्न वाजला. मला गाडीच्या जागी मुकादमाचा ट्रॅक्टर दिसत होता, त्यावर आमची भांडी, आणि भांड्यांवर बसलेली पोरगी.

तेवढ्यात आत्याबाई आल्या. गल्लीच्या मधोमध, किटली पदरानं न झाकता, उघडी धरून. केंद्राच्या पायरीवर थांबल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मोकळं हाय. साखर न्हाई. घे."

त्यांच्या हातात किटलीची कडी वाजत होती. मी काही बोलणार तर त्या हळूच म्हणाल्या, "म्हस गेली तर गेली. पोर जाऊ नये." आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या, दूध कॅनमध्ये पडून आवाज थांबेपर्यंत.

त्यांच्या मागून चुलत जाऊ आली. मग बाकीच्या. गाडी आली, कॅन गेला. सकाळी ड्रायव्हरनं रिकामा, धुतलेला कॅन उतरवला आणि म्हणाला, "पास!" मी ओट्यावर बसून पदरात तोंड घालून रडले. ड्रायव्हर बिचारा म्हणाला, "बाई, पास झालं म्हनलो ना मी!"

मुकादमाची टोळी त्या वर्षी आमच्या घराशिवाय गेली. संस्थेचं दूध रोज जात राहिलं. बायका रोज येत होत्या, पण त्या भीती सोडून आल्या नव्हत्या, भीती बरोबर घेऊनच येत होत्या. माप झालं की विचारायच्या, "आत्याबाईंची म्हस कशी हाय?" मी म्हणायची, "बरी हाय की." त्या मान हलवायच्या. सगळ्यांचं लक्ष आमच्या म्हशीवर होतं. पहिलं मोकळं दूध तिचं गेलं होतं. तिला काही झालं नाही तर आपल्याला काही होणार नाही, एवढ्यावर सगळं चाललं होतं.

असे बरेच दिवस गेले. एका संध्याकाळी आत्याबाई नेहमीसारख्या रांगेत पहिल्या आल्या. किटली पदराखाली झाकलेली. मी हात पुढं केला, किटली घेतली, आणि माझा हात झटक्यानं वर गेला. किटली हलकी होती. कडीच्या वजनाइतकी हलकी.

मी आत्याबाईंकडं बघितलं. गेले काही दिवस त्या मला गोठ्याकडं फिरकू देत नव्हत्या, किटलीतलं दूधही रोज कमी होत चाललं होतं, ते आता माझ्या ध्यानात आलं. म्हैस आटली होती. दुष्काळात आटतात तशी आटली होती, हे मला ठाऊक होतं. आत्याबाईंना ते ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी त्यांनी स्वतःच्या हातानं लक्ष्मी घालवली होती, आणि तरी त्या रांगेत पहिल्या उभ्या होत्या. मागं सगळ्या बायका आपापली भांडी घेऊन आमच्याकडं बघत होत्या. मला वाटलं आता कळणार, आता ही रांग मोडणार.

"कावून थांबलीस?" आत्याबाई मोठ्यानं म्हणाल्या. "वत की. मागं बाया खोळंबल्यात." आणि दोन्ही हातांनी पदर सावरायच्या निमित्तानं त्यांनी तो असा पसरून धरला की त्यांच्या मागच्या कोणालाच कॅन दिसेना.

मी रिकामी किटली गाळणीवर वाकडी केली. काही पडलं नाही. मी ती तशीच धरून ठेवली, दूध पडायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ. मग म्हटलं, "झालं, आत्याबाई."

त्यांनी किटली घेतली, पदराखाली झाकली, आणि मागच्या म्हातारीला म्हणाल्या, "जा, पुढं हो."